अडकलेलं जुनं कुलूप मोकळं करताना

सोलापूरच्या कोरड्या हवेत कुलपाला गंजाइतकाच धुळीचाही त्रास असतो. यंत्रमागाच्या शेडचं कुलूप असेल तर विचारूच नका! सुताचा कोंडा आणि जुनं तेल मिळून आत डिंकासारखा थर बसतो.

आधी कुलूप उपडं धरून लाकडावर आपटा, सायकलच्या पंपानं हवा मारा. मग चावीच्या भोकात आणि कडी आत शिरते तिथं डिझेल सोडून रात्रभर ठेवा. गोडं तेल अजिबात नको, ते वाळून चिकटतं.

सकाळी कडीवर लाकडी हातोडीनं हलके टोले द्या. चावी घालून डावीकडे-उजवीकडे नुसती डुलवा. लिव्हरच्या कुलपात चावीचा प्रत्येक दात आतली एकेक पट्टी ठरावीक उंचीवर उचलतो. एकही पट्टी अडकली तरी कडी धरून ठेवणारा बोल्ट सरकत नाही. म्हणून पक्कड लावून जोर करणं म्हणजे चावी आत मोडून घेणं. हललं नाही तर पुन्हा डिझेल, पुन्हा थांबणं. मी तरी घाई करत नाही.

उघडल्यावर कडी तेवढी व्हिनेगरमध्ये काही तास बुडवा, ब्रशनं घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा. पितळी भाग व्हिनेगरपासून लांबच बरा. नंतर गच्चीवर ठेवा. आपलं एप्रिलचं ऊन सगळं कडकडीत वाळवतं.

शेवटी कडीला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब आणि चावीच्या भोकात पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड. दोन्ही एकत्र करू नका, परत चिखल होतो.