जुन्या मोटरसायकलचा कार्ब्युरेटर: आधी सफाई, मग स्क्रू

रेस सोडली की गाडी बंद पडते, चोकशिवाय उचलत नाही, ॲव्हरेज घटला, की आपला हात थेट कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या) स्क्रूवर जातो. तो आवरा. पांदण रस्त्यानं रोज वावरात जाणाऱ्या गाडीत दोष बहुतेक वेळा कचऱ्याचा असतो. (2020 च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-6 गाड्यांपैकी बहुतेकींत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, हे त्याआधीच्या गाड्यांसाठी.)

सुरुवात एअर फिल्टरपासून. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून दाबून काढा. कागदी असेल तर धुऊ नका, बदला.

मग इंजिन थंड असताना, चूल-विडीपासून लांब, पेट्रोल कॉक बंद करा. कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, म्हणजे बाऊलच्या, बुडचा ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळे थेंब डोलताना दिसले तर ते पाणी. इथेनॉलचं पेट्रोल ओलावा धरतं, म्हणून पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी आधी इथं तपासा.

बाऊल खोलून फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) काढा, दोन्ही जेट (बारीक भोकाचे पितळी नळकांडे) बरोबर बसणाऱ्या पेचकसानंच सोडवा. पितळेची खाच लवकर झिजते. भोकात तार कदापि घालू नका. भोक जरासं वाढलं तरी गाडी जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनर मारा, पंक्चरवाल्याकडची हवा द्या आणि जेट उन्हासमोर धरा: बारीक, पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे.

सगळं जोडल्यावर, इंजिन बंद असतानाच, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा लहान मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत बसवा, मग दीड-दोन फेरे बाहेर काढा. गाडी फिरवून गरम करा. रेसच्या स्क्रूनं आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) थोडं वाढवा आणि मिक्श्चर पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवत आवाज सर्वांत चढा, सलग येईल तिथं सोडा. मग रेस उतरवा. बहुतेक 100 सीसी गाड्यांना 1,400 आरपीएमच्या आसपास पुरते. हँडल डावी-उजवीकडे वळवताना रेस बदलली तर दोष ॲक्सिलरेटर केबलचा.

दोन-चार दिवसांनी प्लग बघा. कॉफीच्या रंगाचा असेल तर बरोबर. काळी काजळी असेल तर फिल्टर आणि अडकलेला चोक पुन्हा तपासा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. अकोला-चंद्रपूरच्या 45 अंशांत अशी गाडी लांब पळवू नका, इंजिन तापून बसतं. ओव्हरफ्लोच्या नळीतून सफाईनंतरही पेट्रोल गळत राहिलं तर फ्लोटची सुई (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी) बदला.