चांगलं संगीत, व्हिडिओ शोधायचे कसे आणि पुढे पाठवायचे कसे

एक गाणं आवडलं की आपोआप लागणारं पुढचं ऐकत राहायचं, ही बहुतेकांची सवय. शोध नेमका तिथेच आक्रसतो, कारण शिफारशींचं गणित तुम्ही आधी पाहिलेल्याच्या आसपासच फिरतं. खरोखर नवं हवं असेल तर माणसांचा माग काढा: ज्यांनी ते घडवलं त्यांचा, आणि ज्यांनी ते निवडलं त्यांचा.

सुरुवात श्रेयनामावलीपासून. व्हिडिओखालचं वर्णन पूर्ण उघडा. गायकाचं नाव ठाऊक असतंच. साथीचे वादक, ध्वनिमुद्रक, संकलक यांची नावं टिपा आणि त्यातलं एकच निवडा. नाव संगीतातलं असेल तर ते डिस्कॉग्ज या ध्वनिमुद्रिकांच्या ऑनलाइन सूचीत शोधा. २००० साली सुरू झालेल्या या साइटवर त्या व्यक्तीने कुठल्या ध्वनिमुद्रिकांवर काम केलं, तेही सापडतं. एका वादकामुळे तीन-चार अनोळखी अल्बम सहज हाती लागतात.

दुसरी वाट बँडकॅम्पची, म्हणजे कलाकार आपलं संगीत थेट विकतात त्या साइटची. इथे अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. एखाद्याने अल्बमबद्दल दोन ओळी मनापासून लिहिल्या असतील, तर त्याच्या चित्रावर टिचकी मारा. त्याचा संग्रह उघडतो. त्यात तुमच्या आवडीचे दोन-तीन अल्बम दिसले, तर उरलेले ऐकण्यासारखे असण्याची शक्यता बरीच. लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठी व्हिमिओ या व्हिडिओ साइटच्या संपादकांनी निवडलेली यादी पाहा, जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी इंटरनेट अर्काइव्ह हा मोफत ऑनलाइन संग्रह.

तुमच्या खात्यावरून घरातलं कुणी भलतंच पाहिलं आणि यूट्यूबच्या शिफारशी बिघडल्या, तर पाहिल्याच्या इतिहासातून तेवढेच व्हिडिओ काढा. सगळा इतिहास पुसून तो बंदच केला, तर मुखपृष्ठावर शिफारशी येणंच थांबतं.

आवडलं ते लगेच नोंदवा: नाव, लिंक आणि आवडण्याचं कारण. कारण लिहिलं नाही तर महिन्याभराने ती यादी आपल्यालाच परकी वाटते.

पाठवण्याआधी मूळ शोधा. ही पायरी सर्वात जास्त गाळली जाते आणि कलाकाराचं नुकसान इथेच होतं. फिरत आलेल्या रीलमध्ये निर्मात्याचं नाव नसेल, तर स्पष्ट दिसणाऱ्या क्षणी व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाका. काहीच सापडलं नाही तर पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसतात का बघा. दिसत असतील तर व्हिडिओ आरशासारखा फिरवलेला आहे. स्क्रीनशॉट आडवा उलटवून पुन्हा शोधा. चित्रासाठी टिनआय या चित्रशोधाच्या साइटवर 'सर्वात जुनं आधी' असा क्रम लावा. मात्र सर्वात जुनी नोंद म्हणजे मूळच, असं धरू नका. निर्मात्याच्या स्वतःच्या पानावर खात्री करा.

आता लिंक. यूट्यूबच्या 'शेअर'मधून घेतलेल्या लिंकच्या शेवटी 'एसआय'ने सुरू होणारा लांबलचक भाग असतो. तो माग ठेवण्यासाठी असतो, काढला तरी व्हिडिओ उघडतो. पत्त्यात 'व्ही' आणि बरोबरच्या चिन्हापुढची (किंवा 'शेअर'च्या छोट्या लिंकमध्ये शेवटच्या तिरप्या रेषेपुढची) अकरा अक्षरं मात्र हलवू नका, तीच व्हिडिओची ओळख. 'लिस्ट' असा भाग राहिला तर समोरच्याकडे एका व्हिडिओऐवजी अख्खी रांग उघडते. लांब मैफलीतला ठरावीक भाग ऐकवायचा असेल, तर 'शेअर'मध्येच सुरुवातीची वेळ निवडा. प्लेलिस्ट पाठवताना ती 'प्रायव्हेट' ठेवली तर कुणालाच उघडत नाही, 'अनलिस्टेड' करा.

एका वेळी एकच गोष्ट पाठवा. सोबत निर्मात्याचं नाव आणि कशाकडे लक्ष द्यायचं, याची एक ओळ: 'चौथ्या मिनिटाला फक्त बासरी उरते, ते ऐक.' दहा लिंक एकदम गेल्या की एकही उघडली जात नाही.

स्वतःचं चित्र किंवा छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबलं जाऊन बारकावे जातात. दुसऱ्याचं काम उतरवून स्वतःच्या पानावर चढवायचं असेल तर परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या, निर्मात्याने काही अटींवर वापराची मोकळीक देणाऱ्या परवान्यांमध्ये 'बीवाय' असेल तर श्रेय देणं बंधनकारक, 'एनसी' असेल तर व्यावसायिक वापर नाही, आणि 'एनडी' असेल तर बदल करून प्रसिद्ध करता येत नाही. परवाना कुठेच लिहिलेला नसेल तर मोकळीक आहे असं समजू नका. निर्मात्याला विचारा किंवा फक्त लिंक द्या.