थर्माकोलचं ग्लायडर: आधी तोल, मग उड्डाण

५ मिलिमीटर जाडीचा थर्माकोल आणि ३५ सेंटिमीटरची सरळ बांबूची कामटी घ्या. कामटी हे विमानाचं धड, पंख आणि शेपटी तिलाच चिकटवायची. पंख ४० सेंटिमीटर लांब, ८ रुंद. तो मधोमध कापा आणि दोन्ही टोकं ३ सेंटिमीटर वर उचलून पुन्हा चिकटवा. मग एक बाजू कलली तरी विमान आपोआप सावरतं. पांढरा फेविकॉलच वापरा, उग्र वासाचा गोंद थर्माकोल खाऊन टाकतो. शेपटी १६ बाय ५, तिच्यावर एक उभी पट्टी.

आता खरं काम. पंखाच्या पुढच्या कडेपासून २ ते २.५ सेंटिमीटरवर, खालून दोन बोटांवर विमान तोलून धरा. शेपूट खाली जाते? नाकाला हरभऱ्याएवढी क्ले लावा, आणि आडवं राहीपर्यंत लावत राहा. आमच्या गल्लीतली पोरं नेमकी इथंच घाई करतात, मी त्यांना उडवूच देत नाही.

राइट बंधूंच्या १९०३च्या विमानात आडवा सुकाणू नाकाकडे होता. ते हवेत सारखं वरखाली व्हायचं. सेस्ना १७२ या छोट्या विमानाची आडवी शेपटी मागे आहे, ती नाक स्थिर ठेवते. म्हणून आपलीही मागेच.

चाचणी भल्या सकाळी घ्या. सोलापूरचं ऊन एकदा चढलं की जमिनीवरून गरम हवा उसळते आणि काहीच कळत नाही. भिरकावू नका, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून हलकेच सोडा. नाक वर करून थबकलं आणि कोसळलं, तर क्ले वाढवा. थेट जमिनीत घुसलं, तर थोडी काढा. होटगी रोडच्या विमानतळाजवळ मात्र काहीही उडवायचं नाही.