माइल्ड एल पहिल्यांदा पिताय? मग या चुका टाळा

इंग्लंडात आलेले आपले मित्र पबमध्ये गेले की लागर (थंड, फिकी बिअर) नाहीतर आयपीए (हॉप्स या कडवट फुलांची भरपूर चव असलेली बिअर) मागवतात, आणि कुणी हौसेनं माइल्ड, म्हणजे कमी कडू, माल्टच्या चवीची पारंपरिक इंग्लिश बिअर, घेतलीच तर दोन घोटांत "पाणचट आहे रे" म्हणून ग्लास बाजूला सरकवतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा बिअर चांगली असते, फक्त ती चुकीच्या अपेक्षेनं प्यायलेली असते. मी मिडलँड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात राहतो, सुट्टीच्या दिवशी छोट्या ब्रुअरीजची (बिअर बनवणाऱ्या कारखान्यांची) माइल्ड शोधत फिरतो, आणि खाली लिहिलेल्या जवळपास सगळ्या चुका मी आधी केल्यात.

पहिली म्हणजे रंगावरून अंदाज बांधणं. काळपट बिअर दिसली की लोकांना वाटतं जड असणार, चढणार, गिनेस या आयरिश काळ्या बिअरसारखी असणार. तसं नसतं. तो रंग भाजलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा असतो, काही ठिकाणी कॅरॅमलचाही, त्याचा अल्कोहोलशी संबंध नाही. श्रॉपशरच्या हॉब्सन्सची माइल्ड फक्त ३.२ टक्क्यांची आहे आणि २००७ मध्ये कॅमरानं, म्हणजे इथल्या खऱ्या एलसाठी (पिंपातच मुरणाऱ्या पारंपरिक बिअरसाठी) झटणाऱ्या ग्राहक संघटनेनं, तिला अख्ख्या ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरवलं. त्याआधी २००० मध्ये हाच मान बर्न्लीच्या मूरहाउसेसच्या ब्लॅक कॅटला मिळाला होता, तीही ३.४ चीच. आणि सगळ्या माइल्ड काळ्या असतात असंही नाही बरं का, यॉर्कशरच्या टिमथी टेलरची गोल्डन बेस्ट सोनेरी आहे आणि तीही माइल्डच.

पण याच्या उलट चूकही होते. माइल्ड म्हणजे हलकी असं धरून चालायचं आणि वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या सेजलीला बीकन हॉटेल या पबात जाऊन सारा ह्यूज ब्रुअरीची डार्क रूबी माइल्ड पाण्यासारखी प्यायची! ती ६ टक्के आहे. जुन्या काळी माइल्ड म्हणजे ताजी, न मुरवलेली बिअर, कमी दारूची नव्हे, आणि एकोणिसाव्या शतकात चांगल्या कडक माइल्ड असायच्या. ही त्याच वळणाची. पबच्या मागेच जुनी ब्रुअरी आहे, कित्येक वर्षं बंद होती, साराच्या नातवानं १९८७ मध्ये ती परत सुरू केली. म्हणून बारवरच्या बिअर ओढायच्या दांड्यावरच्या (हँडपंपवरच्या) पाटीवरचा टक्क्याचा आकडा आधी वाचा आणि मगच पाइंट (मोठा ग्लास) घ्यायचा की हाफ (अर्धा पाइंट) ते ठरवा.

आता "थंड नाही" ही तक्रार. आपल्याला पुण्या-मुंबईत बाटलीवर दव जमलेली बिअर प्यायची सवय, त्यामुळे ११ ते १३ अंशांची कास्क एल, म्हणजे पिंपातली बिअर, हातात आली की वाटतं फ्रिज बंद पडलाय. ती तशीच असायला हवी. थंडीत माल्टची चव मिटून जाते आणि माइल्डमध्ये हॉप्स कमी, म्हणजे माल्ट गेलं की उरतं काय, म्हणूनच पाणचट लागते. कधी पबनंच जास्त गार दिली तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरून दहा मिनिटं गप्पा मारा. मग वास घ्या. भाजक्या पावाची कड, काकवी, मनुका, कधी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं काहीतरी, हळूहळू एकेक वर येतं. ग्लास खिडकीकडे धरला तर काळी वाटणारी बिअर कडेला लालबुंद दिसते, ते जरूर बघा.

आयपीएनंतर माइल्ड घेऊ नका, जीभ कडू झालेली असते. आधी माइल्ड, मग बाकीचं. आणि निकाल पहिल्या घोटावर देऊ नका, कामगारांनी दिवसभर राबून आल्यावर पाइंटमागून पाइंट प्यावी अशी ही बिअर आहे, अर्धा ग्लास संपेपर्यंत तिची ओळखच होत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खराब बिअर निमूटपणे पिणं. एका पबात मला आंबट पाइंट मिळाला, आणि मला वाटलं पारंपरिक चव अशीच असेल, म्हणून अर्धा तास तो संपवत बसलो. चव अशी नसते! कास्कमधली बिअर जिवंत असते, पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपायला हवं, आणि बहुतेक माइल्डमध्ये अल्कोहोलही कमी, हॉप्सही कमी, त्यामुळे ती लवकर उतरते. छोटं पिंप, ज्याला फर्किन म्हणतात, तेही ७२ पाइंटांचं, आणि माइल्ड पिणारे दोनचारच असतील तर ते संपणार कधी? म्हणून बारवर विचारा की आज माइल्ड किती खपतेय, थोडी चाखायला मागा, बहुतेक चांगले पब आनंदानं देतात. व्हिनेगरचा वास किंवा ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर ग्लास जवळजवळ भरलेला असतानाच परत न्या आणि शांतपणे सांगा की ही जरा उतरलेली वाटतेय. बदलून देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फेस मात्र तक्रारीचा विषय नाही, उत्तरेत नळाला स्पार्कलर, म्हणजे बारीक भोकांची तोटी, लावून दाट साय आणतात, दक्षिणेत बहुतेक ठिकाणी लावत नाहीत.

बाटलीतली माइल्ड बॅगेत घालून भारतात नेण्याचा खटाटोप मी तरी करत नाही, पबमधली मजा तिच्यात नसते. सोबत खायला चीज-कांद्याचा कॉब घ्या, मिडलँड्समध्ये गोल पावाला कॉब म्हणतात, नाहीतर साधे खारे दाणे. तिखट काही नको, चव झाकली जाते.

यायचं तर मे महिन्यात या, कॅमरा त्या महिन्यात माइल्डचा प्रचार करते आणि एरवी न ठेवणारे पबही एखादं पिंप लावतात. सेजलीसाठी ट्रेननं वुल्व्हरहॅम्प्टनला उतरून बस धरा, गाडी नको. आत शिरलात की मधोमध छोट्या खिडक्यांचा बार दिसेल, तिथे वाकून ऑर्डर द्यायची.