पोर्टेबल शॉर्टवेव्ह रेडिओवर एसएसबी आवाज स्वच्छ कसा लावावा

एसएसबी (सिंगल साइडबँड) या शॉर्टवेव्हवरच्या प्रक्षेपण पद्धतीतले बोलणे कळत नाही अशी तक्रार केली की ‘ॲन्टेनाला लांब तार लावा’ हा सल्ला हमखास मिळतो आणि तो बहुधा चुकीचा असतो. आवाज बदकासारखा का होईना पण मोठा येत असेल, तर सिग्नल रेडिओपर्यंत पोहोचलेला आहे आणि उणीव ट्यूनिंगमध्ये आहे. उलट लहान रेडिओला वीस-तीस मीटर तार जोडली, तर जोरदार प्रसारण केंद्रांच्या माऱ्याने त्याचा पुढचा भाग गुदमरतो आणि जिथे कोणीही बोलत नाही तिथेही भुताटकीसारखे आवाज उमटू लागतात. रेडिओचीच ॲन्टेनाची दांडी, फार तर पाच-सहा मीटर तार पुरते.

रेडिओ बॅटरीवर चालवावा, जवळचे चार्जर बंद करावेत आणि ट्यूनिंगला हात लावण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे तो तसाच चालू ठेवावा, कारण तापमान स्थिरावेपर्यंत वारंवारता सरकत राहते.

दिवसा 14.100 ते 14.350 मेगाहर्ट्झमध्ये यूएसबीवर (अपर साइडबँड) आणि सूर्यास्तानंतर 7.050 ते 7.200 मेगाहर्ट्झमध्ये एलएसबीवर (लोअर साइडबँड) हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, शोधावीत. 10 मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी हा हॅमचा संकेत आहे. 5 मेगाहर्ट्झचा पट्टा तेवढा त्याला अपवाद. विमाने आणि जहाजे मात्र सर्वत्र यूएसबीच वापरतात.

आता खरी अडचण. नेहमीच्या एएम प्रसारणात बोलण्याबरोबर वाहक लहरही (बोलणे जिच्यावर स्वार होते ती स्थिर लहर) येते आणि पूर्ण मॉड्युलेशन असतानाही एकूण शक्तीचा दोन-तृतीयांश भाग तीच खाते. एसएसबीत ती लहर आणि एक साइडबँड (लहरीच्या वर आणि खाली असलेल्या बोलण्याच्या दोन पट्ट्यांपैकी एक) गाळलेला असल्यामुळे रेडिओला स्वतःची वाहक लहर तयार करून ती नेमक्या जागी बसवावी लागते. ती 100 हर्ट्झ चुकली, तर आवाजातला प्रत्येक घटक तेवढ्याच 100 हर्ट्झने सरकतो, घटकांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मोडते आणि माणूस माणसासारखा बोलेनासा होतो. साधारण 50 हर्ट्झपर्यंतची चूक कान चालवून घेतो. म्हणूनच ज्या रेडिओत केवळ 1 किलोहर्ट्झचे टप्पे आहेत आणि बारीक ट्यूनिंगची सोय नाही, तो एसएसबीसाठी घेऊच नये, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

मी कित्येक महिने सिग्नलचा काटा पाहून ट्यून करत होतो आणि शेवटी रेडिओच सदोष आहे असे ठरवून तो परत पाठवण्यासाठी बांधूनही ठेवला होता. एसएसबीत काटा बोलण्याबरोबर नाचतो आणि 300 हर्ट्झ चुकलेले असतानाही तो जवळपास तेवढाच चढतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहूच नये. डोळे मिटून कानाने ट्यून करावे आणि नेहमी चिरक्या बाजूने यावे. यूएसबीत खालच्या वारंवारतेपासून सुरुवात करून सावकाश वर चढावे, तर एलएसबीत वरून खाली उतरावे. आवाज चिरका, मग पातळ, मग माणसाचा होत जातो आणि तिथेच थांबायचे असते. त्यापुढे गेल्यास तो घोगरा होतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. अशा वेळी उलट्या दिशेने थोडे-थोडे चाचपडत बसू नये. सरळ चिरक्या बाजूला परत जाऊन पुन्हा यावे. कितीही फिरवले तरी लय बोलण्याची आणि शब्द मात्र अगम्य, असे होत असेल तर साइडबँड चुकीचा निवडला आहे. ज्या रेडिओत दोन्ही साइडबँडसाठी एकच बीएफओ नॉब (रेडिओची स्वतःची वाहक लहर सरकवणारा) असतो, त्यात नॉब मधोमध ठेवून एकेका बाजूला हलका वळवावा आणि सर्वांत अरुंद बँडविड्थ (रेडिओ एका वेळी ऐकतो त्या पट्ट्याची रुंदी) निवडावी, कारण असे रेडिओ नको असलेला साइडबँड फारसा गाळत नाहीत.

तुमचा रेडिओ मुळातच किती चुकतो, हे एकदा तपासून ठेवावे. शॉर्टवेव्हवरची प्रसारण केंद्रे बहुतांशी 5 किलोहर्ट्झच्या पटीत असतात. संगीत चालू असलेले एखादे केंद्र त्याच्या नेमक्या आकड्यावर लावून आधी यूएसबी, मग एलएसबी करावे. दोन्हीकडे सूर सारखाच आला तर रेडिओ बरोबर आहे. यूएसबीत सूर चढलेला आणि एलएसबीत उतरलेला असेल, तर वाहक लहर खाली बसते आहे. दोन्हीकडे सूर जुळेपर्यंत बारीक ट्यूनिंग हलवावे आणि तो फरक टिपून ठेवावा. हॅम बहुधा पूर्ण किंवा अर्ध्या किलोहर्ट्झवर बसतात, त्यामुळे हा फरक हाताशी असला की निम्मे काम झालेले असते.

जवळचा, जोरदार आवाज नीट ट्यून होऊनही प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दाला फाटत असेल, तर आवाजाचा नॉब कमी करून काही साधत नाही. ॲटेन्युएटर (येणारा सिग्नल क्षीण करणारी सोय) लावावा, आणि तो नसेल तर दांडी निम्मी आत ढकलावी.