"भाऊ, नंबर कथा शे?" : संस्थेची वेबसाइट नव्याने करताना

माझा पहिला स्वतंत्र प्रकल्प साक्री तालुक्यातल्या एका सामाजिक संस्थेचा होता. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की मागे राहणाऱ्या मुलांसाठी ही संस्था हंगामी वसतिगृह चालवते. तिची जुनी वेबसाइट बदलायची होती. धुळ्यात खोलीवर बसून मी आठवडाभरात नवं रूप तयार केलं: सरकणारे मोठे फोटो, वर बोधवाक्य, मग विश्वस्तांची ओळख. विश्वस्तांना आवडलं, मलाही आवडलं. त्यातलं जवळजवळ सगळं पुढे काढून टाकावं लागलं. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी तेच सांगतो.

वसतिगृहाच्या ओट्यावर बसून तिथल्या एका ताईंना त्यांच्याच फोनवर ते उघडायला सांगितलं. पान उघडेचना. एकेक फोटो पाच-सहा एमबीचा, आणि तिथे रेंज येते-जाते. उघडल्यावर ताई बोट खाली-खाली सरकवत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, नंबर कथा शे?" म्हणजे अहिराणीत, नंबर कुठे आहे? फडावर गेलेल्या आईला लेकराशी बोलायचं असतं, टोळीतल्या कुणाच्या तरी फोनवर ती संस्थेचा नंबर शोधायला लावते. मी तो अगदी तळाशी, फिकट करड्या बारीक अक्षरांत टाकला होता.

त्यानंतर मी आराखडा बाजूला ठेवून माणसं बघत बसलो. एक पालक, जिल्हा परिषदेचे एक गुरुजी, एक जुने देणगीदार, स्वयंसेवक होऊ पाहणारी कॉलेजची एक मुलगी. प्रत्येकाला एकच काम द्यायचं, "देणगीची पावती कशी मिळेल ते शोधा", आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. बोट चुकीकडे चाललं की "तिथे नाही, वर" असं तोंडून निघतंच. ते आवरा. बोट कुठे अडतं, तेवढंच वहीत लिहा. चौघांत तिघं एकाच जागी अडले तर चूक त्यांची नसते.

देणगीदार काका अडले ते ८०जीवर, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत देणाऱ्या कलमावर. संस्थेकडे त्याची नोंदणी होती, पण वेबसाइटवर उल्लेखच नव्हता. आता देणगीच्या बटणाशेजारीच लिहिलंय: कलम ८०जीची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, २००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, आणि त्यासाठी लागणारं देणगीचं १०बीई प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत मिळेल. संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा कायदा) नोंदणी किंवा त्याखालची पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी देणगी घेता येत नाही, हेही तिथेच स्पष्ट लिहा. हे मजकूर हिशेबनीसांकडून तपासून घ्या, अंदाजाने लिहू नका.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो अक्षरांवर. जुने अहवाल युनिकोडच्या (कुठल्याही फोन-संगणकावर अक्षरं सारखी दिसावीत यासाठीची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, आणि साइटवर त्यांची चित्रं चढवलेली. चित्रातला मजकूर गुगलला सहसा नीट शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो सहसा नीट वाचू शकत नाही. मूळ फाइली शोधून युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या, तर रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या. ओळन् ओळ हाताने वाचली. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. वीस वर्षांचं काम त्या फाइलींत होतं.

रंगांसाठी डब्ल्यूसीएजीचं (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाण पाळा: साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजळपणाचा फरक किमान ४.५ : १. उन्हात, तडा गेलेल्या स्क्रीनवर वाचणाऱ्याला हाच फरक उपयोगी पडतो. फोटो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात बदलून लहान करा.

मुलांच्या फोटोंवरून मात्र वाद झाला. रडवेल्या चेहऱ्याचा फोटो लावला तर देणगी वाढेल, असं एका विश्वस्तांचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं, आजही म्हणेन. ते लेकरू उद्या कॉलेजात जाईल आणि तो फोटो तिथेच असेल. शेवटी पालकांच्या लेखी संमतीनेच, मुलं अभ्यास करताना, खेळताना असे फोटो घेतले, नावं दिली नाहीत.

आता पान उघडताच सगळ्यात वर नंबर दिसतो, दाबला की थेट फोन लागतो. त्याखाली तीन बटणं: मुलाला ठेवायचंय, मदत करायचीय, काम बघायचंय. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पहिल्या बटणाशेजारी अहिराणीतली एका मिनिटाची ध्वनिफीत आहे. आवाज ओट्यावरच्या त्या ताईंचाच आहे.