८६वा प्रश्न आला म्हणजे नापास नाही

एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायची परीक्षा, तिचा पॅटर्न तुम्हाला माहीतच असणार. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, पाच तास, एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. ते सगळं मलाही पाठ होतं आणि तरी मी पहिल्यांदा नापास झाले. अभ्यास कमी होता का, तर थोडा होता, फार्माकोलॉजीला मी अजूनही घाबरते. पण मला पाडलं ते स्क्रीनवरच्या आकड्याने.

झालं असं की आमच्या ग्रुपमध्ये ज्या पास झाल्या त्या सगळ्या सांगायच्या, "माझी परीक्षा ८५ ला बंद झाली गं." सहा महिने आयसीयूच्या नाइट ड्युट्या करून, सकाळी घरी येऊन दोन तास झोपून अभ्यास करताना तेच डोक्यात बसलं, की ८५ ला बंद झाली तर पास. मुंबईच्या सेंटरला ८५वं उत्तर दिलं, नेक्स्ट दाबलं आणि समोर ८६. हात गार पडले. नर्सची सवय, टेबलाखाली स्वतःचीच पल्स बघितली, १२० च्या आसपास असेल. आणि मग मी मनातून परीक्षा सोडूनच दिली. पुढचे प्रश्न अर्धेच वाचत होते, सिलेक्ट ऑल दॅट अप्लाय, म्हणजे लागू होणारी सगळी उत्तरं निवडायचा प्रश्न, आला की दोन-तीन टिक मारून पुढे, एकदाचं संपू दे म्हणून. १०४ ला स्क्रीन बंद. रिपोर्ट आला तर बऱ्याच विषयांत 'नियर द पासिंग स्टँडर्ड'. म्हणजे काठावरच होते मी, उडी मीच मारली.

आता हे नीट वाचा, कारण मला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. कम्प्युटर प्रत्येक उत्तरानंतर तुमचा अंदाज बांधत जातो, बरोबर आलं की पुढचा अवघड, चुकलं की जरा सोपा. तुम्ही पासच्या रेषेच्या वर आहात की खाली याची त्याला ९५ टक्के खात्री झाली की तो थांबतो. ८५ ला थांबला म्हणजे खात्री झाली, पासची तरी नाहीतर नापासची तरी. ८५ ला बंद होऊन नापास झालेल्या मुली पण असतात, त्या ग्रुपवर सांगत नाहीत एवढंच. आणि नाही थांबला म्हणजे त्याचं अजून ठरलेलं नाही. ८६वा, ११०वा, १४९वा, प्रत्येक प्रश्नाला तुम्ही खेळात आहात. १५० पर्यंत गेलं आणि शेवटचा अंदाज रेषेच्या वर असला तरी पासच.

अजून एक, साधारण निम्मे प्रश्न चुकल्यासारखे वाटणारच, मशीनच तुम्हाला तुमच्या ताकदीच्या टोकाला नेऊन ठेवतं. आपल्याला शाळेपासून सगळं यायला पाहिजे अशी सवय, त्यामुळे दर दुसऱ्या प्रश्नाला अडलं की आपण संपलो असं वाटतं. शिवाय पहिल्या ८५ मधले १५ प्रश्न मार्कांत धरतच नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले असतात. कुठले ते कळत नाही. त्यामुळे कधी न ऐकलेलं काही आलं तर त्या १५ मधलं असेल असं मनाशी म्हणायचं आणि तरीही नीट उत्तर द्यायचं.

दुसऱ्या वेळेला मी काय केलं, तर लॅपटॉपवर प्रॅक्टिस करताना प्रश्नाच्या नंबरवर मायक्रोपोर, म्हणजे ड्रेसिंगची चिकटपट्टी, चिकटवला. हसा हवं तर. आणि आठवड्यातून एकदा पूर्ण १५० एका बैठकीत, मध्ये फक्त परीक्षेत मिळतात तेवढेच ब्रेक, दोन तासांनी एक आणि साडेतीन तासांनी एक. पहिल्या दोन वेळा ९० नंतर मेंदूचा भुगा झाला, पाचव्या वेळेला ८६ कधी गेला कळलंच नाही.

टेलिग्रामवरच्या 'रिपीट क्वेश्चन'च्या पीडीएफला पैसे देऊ नका, स्पष्ट सांगते. मीही दिलेत. आणि जो सर "गॅरंटी" म्हणतो त्याच्याकडून उठून या. मला खरी मदत झाली ती आमच्या वॉर्डातल्या एका सीनियर सिस्टरची. त्या म्हणाल्या, "तू प्रत्येक उत्तरात डॉक्टरांना कळवतेस, पेशंटकडे बघतेस कधी?" आपल्याकडे तोच रिफ्लेक्स झालेला असतो. परीक्षेत बहुतेक वेळा आधी असेस करायचं असतं, म्हणजे पेशंट तपासायचा, श्वास, सॅच्युरेशन, मग फोन. पण पेशंट डोळ्यासमोर कोसळतोय आणि लक्षणं प्रश्नातच दिलीत, तर असेस करत बसू नका, कृती करा.

नापास झालात तर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. त्यातले पहिले दहा मी नुसती रडले, चालतं. पैशाचं मात्र दुखतं, मी भरले तेव्हा २०० डॉलर फी आणि परीक्षा भारतात द्यायची म्हणून वर १५०, दोन्ही वेळा.

आणि हो, लग्न झालेल्यांनी नाव बघा. पासपोर्टवर जे आहे तेच रजिस्ट्रेशनला हवं. माझं एका ठिकाणी माहेरचं, एका ठिकाणी सासरचं, त्या टेन्शनमध्ये आदल्या आठवड्याची झोप गेली.

दुसऱ्यांदा १३१ ला बंद झाली. लॉकर उघडून फोन चालू केला तर आईचे चार मिस्ड कॉल. "किती प्रश्न आले?" तिने पहिलं हेच विचारलं, तिलाही मीच शिकवून ठेवलं होतं ना. म्हटलं, मोजले नाहीत.